व्हर्ननच्या ६३९ हवाई फोटोंना पत्ता देताना

सप्टेंबर २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक कागद चिकटवलेला दिसला. नकाशा विभागाला विद्यार्थी मदतनीस हवा होता. आठवड्याला १२ तास, ताशी १५ डॉलर. काम होतं जुन्या हवाई छायाचित्रांची ठिकाणं नकाशावर नोंदवण्याचं. मला अमेरिकेत विस्कॉन्सिनला येऊन जेमतेम चार आठवडे झाले होते. हवाई छायाचित्र मी तोवर हातात धरलेलं नव्हतं. इंदापूरकडे आमच्यात कुणी धरलं असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आपल्याकडे ही गोष्ट वर्षानुवर्षं संरक्षण खात्याच्या परवानगीत अडकलेली होती. तरी अर्ज केला आणि काम मिळालं. १० मे २०२४ ला ते संपलं. अशाच एखाद्या कपाटासमोर उद्या कुणी बसेल, त्याला उपयोग व्हावा म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

आधी कागदपत्रं, कारण पहिला महिना त्यातच गेला. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. पण पगारासाठी सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, आणि तो नंबर नोकरी मिळाल्याशिवाय मिळत नाही. क्रम असा: विभागाकडून नोकरीचं पत्र, ते दाखवून परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाकडून दुसरं पत्र, मग दोन्ही पत्रं, पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा दाखला) आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत. आमच्या गावात ती कचेरी नाही. शेजारच्या गावाला बसने जाऊन यायला अर्धा दिवस गेला. अर्जाला पैसे पडत नाहीत. मी २२ सप्टेंबरला गेले आणि कार्ड टपालाने ५ ऑक्टोबरला आलं. कामावर रुजू झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत आय-९ या, नोकरीचा हक्क तपासणाऱ्या अर्जासाठी मूळ कागद दाखवावे लागतात, झेरॉक्स चालत नाही.

आणखी एक. पहिल्या पगारात माझे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे, म्हणजे सरकारी पेन्शन आणि म्हातारपणच्या आरोग्यविम्याचे पैसे कापले गेले होते. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला साधारण पहिली पाच वर्षं हे लागू नसतात. पगाराची चिठ्ठी वाचल्यामुळे लक्षात आलं. दोन मेल केल्यावर पुढच्या पगारात रक्कम परत आली. चिठ्ठी न वाचता ठेवून देऊ नका.

९ ऑक्टोबरला विभागाच्या ग्रंथपाल बाईंनी लोखंडी कपाटाचे तीन खण उघडून दाखवले. आत नऊ इंच बाय नऊ इंचांचे काळेपांढरे फोटो उभे लावलेले. सगळे एकाच जिल्ह्याचे, म्हणजे व्हर्नन काउंटीचे. एक संच १९५० च्या दशकातला, दुसरा १९६० च्या. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३० च्या दशकापासून देशभराची शेतजमीन विमानातून टिपायला सुरुवात केली. कुठल्या शेतकऱ्याने किती एकरांत काय पेरलं ते मोजून त्यावर अनुदान ठरवायचं, हे कारण. विस्कॉन्सिनचे १९३७ ते १९४१ चे असे फोटो आधीच स्कॅन होऊन नकाशासकट सगळ्यांना खुले झालेत. आमचे नंतरचे फोटो मात्र खणातच होते, आणि कुठला फोटो कुठल्या जागेचा हे सांगणारं काही नव्हतं. कुणी आपल्या शेताचा जुना फोटो मागायला आलं की बाई अंदाजाने दहा-बारा फोटो काढून समोर ठेवत.

फोटोच्या वरच्या कडेला पांढऱ्या अक्षरांत तारीख आणि एक खूण असते. आधी जिल्ह्याची अक्षरं, मग फिल्मच्या रोलचा आकडा, शेवटी फोटोचा क्रमांक. आमच्या संचांत रोलच्या आकड्याला चिकटून एखादं अक्षर होतं, त्यावरून उड्डाणाचं वर्ष कळे. या खुणेत ठिकाण कुठेच नाही. विमान उत्तर-दक्षिण ओळींत उडे: एका ओळीत वर जाई, वळून पुढच्या ओळीत खाली येई. त्यामुळे एका ओळीत क्रमांक उत्तरेकडे वाढतात, शेजारच्या ओळीत दक्षिणेकडे. हे ध्यानात यायला मला दोन दिवस लागले. तोवर मी क्रमांक सरळ लावत होते आणि ओळी जुळत नव्हत्या.

प्रमाण १:२०,०००. म्हणजे फोटोवरचा एक सेंटिमीटर जमिनीवर २०० मीटर, आणि एका फोटोत साधारण साडेचार किलोमीटर लांबरुंद मुलूख. एका ओळीतल्या लागोपाठच्या दोन फोटोंत ६० टक्के भाग सारखा असतो आणि शेजारच्या ओळींत साधारण ३० टक्के. ही पुनरुक्ती मुद्दाम ठेवलेली आहे, तिचं कारण पुढे येईल. मोजदाद केली तेव्हा पहिल्या संचात ३३८ आणि दुसऱ्यात ३०१ फोटो निघाले. मधले काही क्रमांक गायब होते.

पहिल्याच दिवशी ठरवायचं होतं ते हे की प्रत्येक फोटो नकाशावर ताणून बसवायचा, की फक्त त्याच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश लिहायचे. मला पहिलं करायचं होतं, कारण फोटो नकाशावर पसरलेला पाहायला फार छान वाटतं. क्यूजीआयएस ही नकाशांची संगणक प्रणाली फुकट आहे, त्यात ते होतंही. पण एक फोटो नीट बसवायला माझी ४० मिनिटं गेली. ६३९ फोटोंना ४०० हून जास्त तास लागले असते, आणि मेपर्यंतच्या नोकरीत माझ्याकडे तेवढेही नव्हते. शिवाय हा प्रदेश डोंगराळ. हिमयुगात आजूबाजूला सगळीकडे बर्फाने जमीन घासून सपाट केली, इथे तो बर्फ पोचला नाही. म्हणून या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात. उंच धारा, खोल दऱ्या. अशा जागी फोटोच्या कडेला असलेले डोंगर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात आणि चार कोपरे नकाशावर बरोबर ठेवले तरी मधले रस्ते सरकतात. मध्याजवळ हा दोष सगळ्यात कमी असतो. बाई म्हणाल्या, "येणाऱ्या माणसाला फोटो सापडला पाहिजे, एवढंच आपलं काम." मध्यबिंदूच घ्यायचे ठरले. तुम्ही असं काम हाती घेत असाल तर माझाही सल्ला हाच आहे.

मध्य शोधायची युक्ती सोपी. फोटोच्या चारही कडांच्या मधोमध बारीक खुणा असतात. समोरासमोरच्या खुणा मनातल्या मनात जोडल्या की रेषा जिथे छेदतात तो मध्य. मी पारदर्शक प्लास्टिकवर अधिक चिन्ह काढून तो तुकडा फोटोवर ठेवत असे. फोटोला कधीच पेन लावायचं नाही, हातात मोजे घालायचे.

कृषी खात्याने त्या काळी सूचीचे तक्तेही बनवले होते. जिल्ह्याचे सगळे फोटो एकावर एक सरकवून मोठ्या फळीवर मांडायचे, क्रमांक दिसतील असे, आणि त्या मांडणीचाच फोटो काढायचा. आमच्याकडे पहिल्या संचाचे सगळे तक्ते होते. दुसऱ्याचा एक हरवलेला होता, नेमका किकापू नदीच्या भागाचा. तक्ता असेल तिथे काम भराभर झालं. तक्ता स्कॅन करून नकाशावर बसवला, मग प्रत्येक ओळीतला पहिला आणि शेवटचा फोटो डोळ्यांनी पक्का केला आणि मधल्या फोटोंचे बिंदू समान अंतरावर टाकले. दोन मध्यबिंदूंत साधारण १.८ किलोमीटर पडतात. वाऱ्याने विमान हलतं, म्हणून प्रत्येक बिंदू तपासावा लागतो, पण शोधावा लागत नाही. १५ नोव्हेंबरपर्यंत पहिल्या संचातले २९० झाले.

त्याच आठवड्यात मोठी चूक सापडली. सगळे बिंदू एकदम नकाशावर उघडले तर ३० बिंदू दिसेनात. जगाचा नकाशा उघडल्यावर ते चीनच्या शिनजियांगमध्ये पडलेले होते. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लागतं, आणि एका दिवशी मी ते लिहायला विसरले होते. व्हर्नन साधारण ९०.८ अंश पश्चिमेला आहे. उणे गेलं की अक्षांश तेच आणि जागा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे रेखांश पूर्वेचे असतात, त्यामुळे ही सवय हाताला नसते. तेव्हापासून रोज काम संपवताना सगळे बिंदू जिल्ह्याच्या हद्दीच्या आत आहेत ना, एवढं बघूनच उठायचे.

डिसेंबरात काम हळू झालं. परीक्षा होत्या, आणि चारनंतर अंधार पडे. पण या फोटोंची खरी ओळख मला त्याच महिन्यात झाली. बाईंनी कपाटातून एक छोटं स्टीरिओस्कोप काढून दिलं, म्हणजे चार पायांवरची दोन भिंगं. ओळीतले लागोपाठचे दोन फोटो त्याखाली शेजारी ठेवायचे आणि हळूहळू सरकवायचे. थोडा वेळ दोन चित्रं दिसतात, डोळे दुखतात. मग एकदम ती एक होतात आणि डोंगर वर येतो. खराच वर येतो, दरी खाली जाते, झाडं उभी राहतात. ६० टक्के भाग दोन फोटोंत सारखा ठेवला तो यासाठी. त्या दिवशी मी कामाचे दोन तास संपल्यावरही तासभर बसले. पगार नको म्हणून सांगितलं.

त्याच वेळी कळलेली एक गोष्ट उपयोगाची आहे. उत्तर वर ठेवून फोटो पाहिला की दऱ्या डोंगरासारख्या दिसतात, कारण इथे सावल्या उत्तरेकडे पडतात आणि डोळ्याला उजेड वरून येण्याची सवय असते. फोटो उलटा करून दक्षिण वर ठेवली की जमीन सरळ होते. मला तीन आठवडे जे ओढे धारेवरून वाहताना दिसत होते, ते एका क्षणात दरीत उतरले.

कून व्हॅली या तिथल्याच खोऱ्याचे फोटो मी सगळ्यात जास्त वेळ पाहिले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला या खोऱ्यातली माती पावसाबरोबर वाहून चालली होती. सरळ उतारावर नांगरट, उतारावरच चराई. १९३३ मध्ये सरकारने देशातला पहिला पाणलोट संधारणाचा प्रकल्प इथे सुरू केला. शेतकऱ्यांना समजावून समपातळीवर नांगरायला लावलं, मका आणि गवत यांचे पट्टे आळीपाळीने. १९५० च्या दशकातल्या फोटोंत ते पट्टे डोंगराला गुंडाळून गेलेले दिसतात, गडद आणि फिकट. त्यांवरून ठिकाण ओळखायला फार सोपं जातं, कारण दोन डोंगरांचे पट्टे कधीच सारखे नसतात. आमच्या वडिलांनी समतल बांध घालताना दोन उन्हाळे घालवलेत. मी त्यांना स्क्रीनवर फोटो दाखवला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, सांडव्याची जागा कुठे ठेवलीय. मी परत जाऊन भिंगाखाली शोधली. पट्ट्यांच्या टोकाला गवताचे उतरते ओहोळ होते.

काही फोटोंवर शाईने शेतांचे आकडे लिहिलेले होते: १२.४, ७.९. कृषी कचेरीतल्या कारकुनांनी मोजून लिहिलेले एकर. इथल्या सगळ्या जमिनीची मोजणी ६६ फुटी साखळीने झालेली. साखळी लांब आणि साखळी रुंद असे दहा चौरस म्हणजे एक एकर. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट. म्हणजे त्यांचा एक साखळी-चौरस बरोबर चार गुंठे, आणि दोन्हीकडे एकर तोच, ४३,५६० चौरस फुटांचा. घरी लहानपणापासून ऐकलेलं माप विस्कॉन्सिनच्या फोटोवर शाईने लिहिलेलं सापडेल असं कधी वाटलं नव्हतं. त्यानंतर हे फोटो मला परके वाटले नाहीत.

जानेवारी ते मार्च गेला दुसऱ्या संचात. तक्ता हरवला होता त्या भागात ७१ फोटो डोळ्यांनीच शोधावे लागले. रस्ते फार उपयोगी पडले नाहीत, कारण नंतर ते रुंद आणि सरळ झाले. नदीची वळणं, चर्चची दफनभूमी, चौरस्त्यांवरचे जुने चीज कारखाने आणि गोल गोठे यांनी साथ दिली. व्हर्नन काउंटी गोल गोठ्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यातले बरेच अल्गा शिव्हर्स या कृष्णवर्णीय कारागिराने बांधले, चेयेन व्हॅली नावाच्या वस्तीतल्या. वरून पाहिलं की चौकोनी छपरांत एकच वर्तुळ, स्कॅनवर २० पिक्सेलांचं. आजही उभा असलेला एक गोठा सापडला की त्याच्या आजूबाजूचे चार फोटो एकदम जागेवर बसत.

किकापूच्या या ७१ फोटोंतल्या बऱ्याच शेतांची घरं आज नाहीत. ला फार्ज गावाजवळ धरण बांधायला १९६२ मध्ये मंजुरी मिळाली. सुमारे १४० कुटुंबांची जमीन घेतली, ती गेली. १९७१ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १९७५ मध्ये थांबलं, ते परत कधी सुरू झालंच नाही. पाणी आलं नाही. धरणाच्या जागी एक काँक्रीटचा मनोरा आजही उभा आहे. आता ती सुमारे ८,६०० एकर जमीन राखीव जंगल आहे, राज्य आणि हो-चंक या मूळ रहिवाशांचं राष्ट्र मिळून ती सांभाळतात. माझ्या आईचं माहेर भीमेकाठी होतं, उजनीच्या पाण्याखाली गेलं. तिथे निदान पाणी आलं, कालवे आले, ऊस आला. इथल्या लोकांनी घरं सोडली आणि धरण झालंच नाही. त्या फोटोंचे बिंदू टाकताना मी घाई केली नाही. प्रत्येक घर मोठं करून बघत होते, आणि घर असेल तर शेऱ्यात 'घर व गोठा दिसतो' असं लिहीत होते. ते कामात सांगितलेलं नव्हतं. बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, राहू दे.

मार्चच्या शेवटी १५ फोटो उरले. ढगांच्या सावल्या, नुसतं जंगल, किंवा क्रमांक फाटलेला. ११ एप्रिलला एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ किकापूकडच्या आपल्या शेताचा फोटो शोधायला आले. आता बिंदू होते, म्हणून दहा मिनिटांत तीन फोटो त्यांच्या समोर ठेवता आले. ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बोटाने लांबट छप्पर दाखवलं, तंबाखू वाळवायची शेड होती म्हणाले. या भागात नॉर्वेहून आलेले शेतकरी तंबाखू पिकवत, हे मला तेव्हा कळलं. मी उरलेले १५ फोटो त्यांना दाखवू का म्हणून बाईंना विचारलं. ते दुपारभर बसले आणि तीन ओळखले. एक त्यांनी फक्त कुंपण नदीपर्यंत वाकडं गेलंय त्यावरून ओळखला. त्यांच्या परवानगीने, नाव न लिहिता, ते सांगणं नोंदीत 'स्थानिक माहिती' असा नवा रकाना करून घातलं. असा रकाना पहिल्या दिवसापासूनच ठेवा. आम्ही सहा महिन्यांनी ठेवला, त्याआधी लोकांनी बोलता बोलता सांगितलेलं बरंच हवेत गेलं असणार.

शेवटी ६३९ पैकी ६२७ फोटोंना मध्यबिंदू मिळाले आणि १२ राहिले. राहिलेले वेगळ्या यादीत, 'ठिकाण अज्ञात' म्हणून ठेवले. अंदाजाने कुठेतरी बिंदू टाकायचा नाही, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. प्रत्येक बिंदूपुढे खात्रीचा आकडा आहे: १ म्हणजे डोळ्यांनी शोधून पक्का केलेला, २ म्हणजे ओळीत मोजून टाकलेला. फोटो केंद्र सरकारने काढलेले असल्यामुळे त्यांवर प्रताधिकार नाही, सगळे स्कॅन झाले की ग्रंथालय ते सगळ्यांना खुले करणार आहे. माझा स्वतःचा खर्च बसभाडं सोडून काही नाही. चष्म्याचा नंबर पाव पॉइंटने वाढला, भिंगाखाली दर वीस मिनिटांनी मान वर करा.

मे महिन्यात काम संपल्यावर मी एक गोष्ट केली. १९६० ते १९७२ दरम्यान अमेरिकेने कोरोना नावाच्या हेरगिरी उपग्रहांनी काढलेले फोटो १९९५ मध्ये खुले झाले. अर्थएक्सप्लोरर या सरकारी संकेतस्थळावर फुकट खातं काढून नकाशावर आपला भाग चौकोनात घेतला की त्या जागेवरच्या फिल्मच्या पट्ट्यांची यादी येते. आधी कुणी स्कॅन करून घेतली असेल तर पट्टी फुकट उतरवता येते, नसेल तर स्कॅनचे ३० डॉलर. उजनीचं पाणी अडायच्या आधीची, भीमेच्या खोऱ्यावरची ढग नसलेली एक पट्टी मला सापडली. स्कॅन झालेली नव्हती. २० मे ला पैसे भरले. आठवडे लागतात.

तोवर ती पट्टी नकाशावर बसवण्याची तयारी करून ठेवलीय. पट्टीवर आणि आजच्या नकाशावर दोन्हीकडे दिसतील अशा जागा हव्यात, आणि धरणाच्या पोटात त्या मिळणं अवघड. पळसदेवचं जुनं मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, आजच्या उपग्रह चित्रात ते दिसतं. डिकसळचा जुना रेल्वे पूलही. मामाला फोन करून विचारलं, पुलापासून आपलं गाव कसं शोधू. मामा गाव उठलं तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो म्हणाला, "अगं, पुलापासनं नगं धरू. नदीच्या कडंनं ये, पहिला मोठा ओढा मिळंल तिथं थांब. ओढ्याच्या वरच्या अंगाला चिंचा हायत्या, चांगल्या वीसेक. काळा ठिपका दिसंल बघ." पहिला बिंदू मंदिरावर, दुसरा पुलावर. तिसऱ्यासाठी चिंचांचा ठिपका शोधायचा.